जुन्या स्लॅबचा हिशेब

मंगरुळपीर तालुक्यातल्या आमच्या गावी मशिदीवर मजला चढवायचा विषय निघाला आणि कमिटीच्या पेटीतून पिवळा पडलेला नकाशा बाहेर आला. तारीख १९७४ची, जिल्हा अकोला. (वाशिम जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ला.) कोपऱ्यात काँक्रीटचा दर्जा एम १५०, खाली दोन आकडे: ५० आणि १४००. बुजुर्ग म्हणाले, "जुनं काम आहे, आणखी एक मजला आरामात पेलेल." इंजिनिअर म्हणाला, तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. मुलांच्या मकतबसाठी तो मजला हवा होता, म्हणून वाद वाढला.

ते आकडे त्या काळच्या पद्धतीचे. काँक्रीटचा ठोकळा दर चौरस सेंटिमीटरला १५० किलोला फुटतो, पण वापरात त्यावर ५०च्या वर दाब येऊ द्यायचा नाही. साधी सळई २,६००च्या आसपास सैल पडते, तिच्यावर ताण १,४००पर्यंतच. हिचं नाव वर्किंग स्ट्रेस पद्धत. १८९४मध्ये फ्रान्समध्ये कोइन्ये आणि टेडेस्को यांनी मांडलेल्या हिशेबापर्यंत तिचं मूळ जातं. आपल्याकडे आयएस ४५६ हे मानक १९५३मध्ये आलं, तेही याच वाटेनं. यात काँक्रीट रबरासारखं धरतात, वजन काढलं की परत जागेवर. प्रत्यक्षात ते तसं वागत नाही. दाब वाढला की प्रमाणाबाहेर दबतं, आणि वर्षानुवर्षं वजन राहिलं तर हळूहळू आणखी दबत जातं.

लिमिट स्टेट पद्धत सोव्हिएत रशियाने १९५५मध्ये मानकात घेतली, ब्रिटनने १९७२मध्ये, आपण १९७८मध्ये. तिच्यात वजन दीडपट धरतात, काँक्रीटची ताकद दीडने भागतात आणि सळईची १.१५ने. शिवाय भेगा आणि झोळ वेगळे तपासतात. गंमत अशी की सळईपुरता गुणाकार केला तर नवी पद्धत १.७३ देते आणि जुनी १.८६. म्हणजे बुजुर्ग अगदीच चूक नव्हते.

पण मिनाराचं उदाहरण घ्या. समजा वारा एका बाजूला १० टनांनी वर ओढतो आणि मिनाराचं वजन ९ टनांनी खाली दाबतं. जुन्या हिशेबात उरला १ टन, तेवढ्यापुरती सळई पुरे. वारा पाचव्या हिश्शाने वाढला तर ओढ ३ टन, सरळ तिप्पट! नव्या पद्धतीत वारा दीडपट आणि आधार देणारं वजन ०.९ धरतात, म्हणून ६.९ टनांची सळई घालावी लागते. जुनी पद्धत सगळी काळजी मालावर टाकायची. कशाचा भरवसा किती, हे वेगवेगळं विचारणं नव्या पद्धतीने आणलं. मला तरी हाच खरा फरक वाटतो.

जुनी पद्धत लगेच गेली असंही नाही. आयएस ४५६च्या २०००च्या आवृत्तीत ती परिशिष्टात गेली. पाण्याच्या टाक्यांच्या मानकात मात्र २००९पर्यंत तिचंच राज्य होतं, कारण टाकीला भेग परवडत नाही आणि सळईवर ताण कमी ठेवला की भेगा बारीक राहतात. पुलांसाठी लिमिट स्टेटचं मानक आलं २०११मध्ये. तेव्हा एकाच गावात घर, टाकी आणि पूल वेगवेगळ्या पद्धतींनी उभे असू शकतात.

आमच्या मशिदीचा निकाल मात्र कोणत्याच पद्धतीने लावला नाही. इंजिनिअरने वुजूखान्याच्या बाजूचा गिलावा काढायला लावला. आत तीन सळयांचा गंज पापुद्र्यांसारखा हातात आला. चाळीस-पन्नास वर्षं तिथे ओल मुरत होती. दीडपट असो की १.८६, सगळा हिशेब शाबूत सळईवर धरलेला असतो. बुजुर्गांपैकी एकाने तो पापुद्रा रुमालात बांधून घेतला आणि जुम्म्याला कमिटीपुढे ठेवला. मजल्याचे पैसे आधी स्लॅबच्या दुरुस्तीला लागले. मकतब सध्या शेजारच्या मोकळ्या जागेत, पत्र्याखाली भरतो.