बुडालेला मासा

मासा पाण्यात बुडून मेला, असे कोणी सांगितले तर आपण आधी त्याच्या डोळ्यांकडे बघतो आणि मग हळूच तोंडाचा वास घेतो. मीही तेच केले असते. पण हा प्रकार इंझोरीत, आमच्याच घरात आणि माझ्याच हातून घडला. त्यामुळे वास घेणार कोणाचा?

नातवाने अमरावतीहून एक ‘फायटर’ मासा आणला. निळा, शेपटीचा पदर सांभाळत चालणारा. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत त्याची सोय झाली. दोन दिवसांत माझ्या लक्षात आले, की हे महाशय दर थोड्या वेळाने वर येतात, तोंड बाहेर काढतात आणि हवेचा घोट घेऊन खाली जातात.

घरात निदाने सुरू झाली. सौ. म्हणाली, “बरणीला मिठाचा अंश राहिला असेल.” शेजारी म्हणाले, “भूक लागली त्याले.” आमचे आबा खाटेवरून म्हणाले, “दमा हाय. मायासारखा.” आबांना दम्याचा जुना विकार. त्यांना साऱ्या जगात दमाच दिसतो.

शाळेच्या सहलीत मी मुंबईचे, १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय पाहिले होते. तेवढ्या भांडवलावर मी घरातला मत्स्यतज्ज्ञ. मी निकाल दिला, “पाणी कमी पडतंय.” एका लग्नासाठी कारंज्याला जायचे होते. निघताना बरणी काठोकाठ भरली आणि मांजराच्या भीतीने झाकण घट्ट लावले. मे महिना होता. संध्याकाळी परत आलो, तर मासा तळाशी आडवा.

नातू रडला नाही. फक्त म्हणाला, “आजोबा, तुम्ही झाकण काहून लावलं?” रडला असता तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी गावात मासे विकणारे भोईकाका आले. त्यांनी हकीकत ऐकली आणि शांतपणे म्हणाले, “मास्तर, थो बुडून मेला.”

“काका, चेष्टा करता काय?”

“चेष्टा नाही जी. मरळ बी तशीच. जाळ्यात पाण्याखाली अडकून ऱ्हायली तं मरते. अन् वल्ल्या पोत्यात गुंडाळली तं बजारापर्यंत जित्ती येते.”

मग मी पुस्तके उघडली. हे काम मी नेहमी घटना घडून गेल्यावरच करतो. मद्रासच्या फौजेतले डॉक्टर फ्रान्सिस डे पुढे हिंदुस्थानातल्या मत्स्यखात्याचे प्रमुख झाले. त्यांचा माशांवरचा मोठा ग्रंथ १८७५ ते १८७८ या काळात निघाला. या गृहस्थांनी मरळीच्या जातीचे मासे पाण्यात ठेवले आणि वर येण्याची वाट जाळीने अडवली. मासे गुदमरून मेले. म्हणजे डेसाहेबांनी जो प्रयोग शास्त्रासाठी केला, तो मी प्रेमापोटी केला!

फायटरच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर घड्याघड्यांचा एक अवयव असतो. त्याला भूलभुलैयाचे नाव आहे. हवेचा घोट तिथे जातो आणि तिथून रक्ताला प्राणवायू मिळतो. नुसते कल्ले त्याला पुरत नाहीत. कारणही साधे आहे. तीस अंशांच्या एक लिटर पाण्यात साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, तर लिटरभर हवेत अडीचशेच्या वर असतो. पाणी तापले की तोही कमी. उथळ, कोमट डबक्यात राहणाऱ्याने वर तोंड काढायचे नाही तर काय करायचे? गोल्डफिश वर येऊन धापा टाकू लागला तर समजावे, की पाण्यातली हवा संपत आली. फायटर वर आला तर समजावे, सारे ठीक आहे. मी नेमके उलटे समजलो.

विलायतेत रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगाई यांचा एका भांड्यात संसार मांडून दाखवला. वनस्पती प्राणवायू देते, गोगलगाय कुजका पाला खाते, मासा जगतो. १८५४ साली गॉस यांचे मत्स्यालयावरचे पुस्तक निघाले आणि घरोघर काचेच्या पेट्यांचे वेड पसरले. त्या वेडात किती मासे कोणाच्या मायेने मेले, याची नोंद मात्र कोणी ठेवली नाही.

हे सारे मी रात्री आबांना वाचून दाखवत होतो. धूळ नको, वारा नको, म्हणून त्यांच्या खोलीच्या दोन्ही खिडक्या मीच दोन वर्षांपूर्वी बंद करून टाकल्या होत्या. आबांनी सगळे ऐकून घेतले. मग धाप सांभाळत म्हणाले, “मंग मले काहून बरणीत ठेवलं बे?”

मी उठलो. कड्या गंजल्या होत्या, हातोडीने ठोकाव्या लागल्या. खिडकी उघडली तसा बाहेरचा वारा आत आला. गरमच होता, पण वारा होता. आबांनी मान उंचावून एक लांब घोट घेतला.

अगदी त्या माशासारखा.