वऱ्हाडचा कापूस आणि सुती वस्त्र

अन्न, वस्त्र व निवारा या मूलभूत गरजांपैकी वस्त्रासाठी वऱ्हाड प्रांतास एके काळी फारसे परावलंबी व्हावे लागत नसे. आजच्या रिसोड तालुक्यातील केनवड ज्या वऱ्हाडात मोडते, त्याच्या काळ्या जमिनीत आखूड धाग्याचा देशी कापूस पिके. त्याचे सूत हाताने कातले जाई आणि कोष्टी व महार विणकर त्यापासून धोतर, लुगडे, पासोडी विणीत. हे कापड दिसावयास जाडेभरडे, परंतु वैशाखात घाम टिपणारे व माघात ऊब देणारे होते.

1853 साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. 1861 ते 1865 या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला व त्यांचे लक्ष इकडे वळले. कापूस खात्याचे कमिशनर हॅरी रिव्हेट-कार्नॅक यांनी आपला हिशेब उघडपणे मांडला होता. रेल्वेने विलायती कापड स्वस्तात आले की देशी कापड मागे पडेल, घरी कातला जाणारा कापूस निर्यातीस मिळेल आणि विणकर शेतमजुरीस मोकळे होतील! 1870 मध्ये लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावच्या रेल्वेचे उद्घाटन झाले. व्यापारी दृष्टीने हिशेब चोख होता. विणकराचे नुकसान त्यात धरलेले नव्हते.

पुढे 1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. माग गेला, तरी अंगावर सूतच राहिले. खरा बदल स्वातंत्र्योत्तर काळात टेरिलीन व टेरिकॉटने घडविला. न चुरगळणारे, लवकर वाळणारे व वर्षानुवर्षे टिकणारे हे कापड गरजू कुटुंबांनी स्वीकारले, यात त्यांचा दोष नाही. परंतु सुती धागा हवेतील ओलावा आपल्या वजनाच्या सुमारे 8 टक्के धरतो, तर पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. त्यामुळे घाम त्वचेवरच साचून राहतो. उन्हाळ्यात घामोळ्या झाल्या की डॉक्टर सैल सुती कपडे सुचवितात, ते याचसाठी. लिनन तर ओलावा सुतापेक्षाही अधिक धरते. ते जवसाच्या खोडापासून निघते. विदर्भाने मात्र जवस तेलासाठी व चटणीसाठीच पेरला. रेशीमही आल्हाददायक खरे, पण त्यासाठी बहुधा कोशातील जीव मारावा लागतो.

आज सुती म्हणून विकले जाणारे कापड पुष्कळदा मिश्र असते. त्याचा एक धागा काढून जपून जाळावा. सूत कागदासारखे जळून मऊ राख होते. पॉलिस्टर वितळून त्याची कठीण गोळी बनते.