मिस फरार : चरित्रांतल्या एका वाक्यापलीकडे

स्त्रीशिक्षणाच्या इतिहासावर मराठीत जे लेखन झाले आहे, त्यात सिंथिया फरार हे नाव बहुधा एकाच वाक्यात येते. जोतीराव फुले नगरला गेले, तेथे त्यांनी अमेरिकन मिशनची मुलींची शाळा पाहिली, आणि 1848 मध्ये पुण्यात परतून भिडे वाड्यात आपली शाळा काढली. वाक्य खरे आहे. खुद्द जोतीरावांनीच 1853 मध्ये ‘ज्ञानोदया’तून या भेटीची हकिगत सांगितली आहे. परंतु एका थोर पुरुषाच्या चरित्रात प्रेरणा म्हणून जागा मिळाली, की त्या व्यक्तीचे स्वतःचे आयुष्य मात्र कोणी वाचावयास जात नाही. फरारबाईंचे नेमके हेच झाले आहे.

त्यांचा जन्म 1795 चा, न्यू हॅम्पशरमधील मार्लबरो या गावचा. बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाने त्यांना 1827 मध्ये मुंबईस पाठविले, ते मुलींच्या शाळांवर देखरेख करण्यासाठी. वय बत्तिशीचे, अविवाहित. परदेशी गेलेली पहिली अविवाहित अमेरिकन मिशनरी स्त्री असे त्यांचे वर्णन पुष्कळ ठिकाणी आढळते. या ‘पहिलेपणा’कडे जरा सावधपणे पाहावे. त्यांच्या आधी, 1823 मध्ये, बेट्सी स्टॉक्टन ही अविवाहित कृष्णवर्णीय स्त्री हवाई बेटांवर पोहोचली होती आणि तेथील सामान्य लोकांसाठी तिने शाळाही चालविली होती. ती जन्मतः गुलाम होती, आणि मिशनरी कुटुंबाला घरकामात मदत करण्याचा करार तिच्या नेमणुकीशी जोडलेला होता. म्हणून मोजदादीत ती अनेकदा गळते. मोजणाऱ्याची दृष्टी इतिहासात किती काम करते, हे यावरून दिसावे.

मुंबईत अमेरिकन मिशनने मुलींची शाळा 1824 मध्येच सुरू केली होती. फरारबाईंच्या वाट्याला आले ते नित्याचे, कंटाळवाणे आणि चिकाटीचे काम. आधी मराठी शिकणे. मग शाळाशाळांतून हिंडणे, मुलींचे वाचन ऐकणे, शिवणकाम शिकविणे, आयांची समजूत घालणे. मुलगी अक्षर शिकली तर विधवा होते, हा समज त्या काळी घरोघर होता. येणाऱ्या मुली बहुतेक गरीब घरच्या, खालच्या मानलेल्या जातींच्या. काम मिळाले, लग्न ठरले, गाव सोडले, की शाळा सुटली. शिकविणारे पंतोजी तर बहुधा हिंदूच असत. म्हणजे ज्या शाळांचा हेतू बायबल वाचता येणे हा, त्यांचा नित्य कारभार बायबल न मानणाऱ्यांच्या हाती होता! ही विसंगती मिशनला सलत असे. फरारबाईंनी मात्र शाळा चालू ठेवण्यालाच महत्त्व दिले, असे त्यांच्या दीर्घ कामावरून मला वाटते. 1837 मध्ये प्रकृतीमुळे त्यांना मायदेशी जावे लागले. दोनच वर्षांनी, 1839 मध्ये, त्या परत आल्या त्या अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर), आणि अखेरपर्यंत तेथेच राहिल्या.

तेव्हा जोतीराव आपले मित्र सदाशिव गोवंडे यांच्यासमवेत नगरला आले, त्या वेळी त्यांच्यापुढे होते ते एखादे तत्त्व नव्हे. वीस वर्षांच्या अनुभवातून घडलेली, रोज भरणारी शाळा त्यांनी पाहिली. मुलींनी शिकावे की नाही, हा पुण्यातील वादाचा विषय होता. नगरात मुली प्रत्यक्ष वाचत होत्या. पुढे सावित्रीबाईंनी फरारबाईंकडे अध्यापनाचे शिक्षण घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. म्हणून ‘प्रेरणा’ हा शब्द मला येथे अपुरा वाटतो. फुले दांपत्याला येथून कसब मिळाले: वर्ग कसा भरवावा, बाईने बाईला कसे शिकवावे, याचे. त्यातील धर्मांतराचा हेतू मात्र त्यांनी घेतला नाही. फरारबाईंच्या लेखी कदाचित तोच भाग सर्वांत मोलाचा असेल.

मिशनचा मापदंड निराळाच होता. 1854–55 मध्ये बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले, आणि त्यानंतर शाळांपेक्षा प्रवचनाला व देशी मंडळ्या उभारण्याला अग्रक्रम द्यावा हे धोरण ठरले. इंग्रजी शिक्षण आखडले गेले. शाळांतून ख्रिस्ती किती झाले, असा हिशेब घातला तर तीस वर्षांच्या श्रमांची जमेची बाजू लहानच दिसणार. आपल्याकडील राष्ट्रवादी इतिहासकारांनी हाच हिशेब उलट्या बाजूने मांडला: हेतू धर्मप्रसाराचा, सबब श्रेय नको. दोन्ही बाजूंनी ताळेबंद धर्मांतराचाच. वाचावयास शिकलेली मुलगी कोणाच्याच खात्यावर नाही. हेतू लपविण्याचे कारण नाही, तो फरारबाईंनीही लपविला नसता. पण शाळा ही वस्तू अशी, की ती काढणाऱ्याच्या हेतूत फार काळ मावत नाही.

1862 मध्ये फरारबाई नगरलाच वारल्या.

त्याआधी सात वर्षांची एक गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. फरारबाईंच्याच मिशनने 1842 मध्ये नगरला सुरू केलेल्या ‘ज्ञानोदया’त फेब्रुवारी-मार्च 1855 मध्ये मांगमहारांच्या दुःखाविषयीचा एक निबंध दोन भागांत छापून आला. लिहिणारी मुक्ता, मांग समाजातील, फुले यांच्या शाळेतील विद्यार्थिनी. हिंदू समाजव्यवस्थेवरील टीका पत्राला सोयीची होती, यात शंका नाही. परंतु मुक्ता त्या निबंधात मिशनचा धर्म मागत नाही. वेद ब्राह्मणांचे, तर आमचा धर्म कोणता, असे ती थेट देवालाच विचारते.