मँचेस्टरमधला लिंकन

मँचेस्टरमध्ये अब्राहम लिंकन यांचा पुतळा आहे. लिंकन आयुष्यात कधी इंग्लंडला गेले नाहीत. उलट त्यांच्याच एका हुकुमामुळे या भागातल्या हजारो चुली विझल्या होत्या. मग पुतळा कशासाठी?

१९ एप्रिल १८६१. अमेरिकेत यादवी पेटली होती आणि लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. कापूस बाहेर गेला नाही तर शस्त्रांना पैसा मिळणार नाही, हा हिशेब. दक्षिणेचा हिशेब वेगळा. ब्रिटनचा जवळपास तीन चतुर्थांश कापूस तिथून यायचा, गुलामांनी पिकवलेला. गिरण्या थांबल्या की ब्रिटन आपल्या बाजूने उतरेल, या भरवशावर दक्षिणेने सुरुवातीला स्वतःच माल अडवून धरला.

मधल्या मध्ये भरडले गेले लँकेशायरचे कामगार. आधीच्या हंगामांचा साठा होता तोवर निभावलं. १८६२ च्या अखेरीस सुमारे पाच लाख माणसं मदतीवर जगत होती. घरातली भांडी, अंथरुणं गहाण पडली.

पर्याय म्हणून आपल्याकडचा कापूस गेला. तो वऱ्हाडातला असो, खानदेशातला की गुजरातचा, तिकडे बहुतेक सगळ्याला नाव एकच: 'सुरत'. धागा आखूड, त्यात माती-कचरा. सूत सारखं तुटायचं आणि मजुरी तर कामाच्या मापावर. 'सुरत' ही तिथे शिवीच झाली. इकडे मुंबईत मात्र पैशांचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि मुंबईचे कित्येक सटोडिये रस्त्यावर आले.

लँकेशायरमधल्या सगळ्यांनीच हे मुकाट सोसलं असं नाही. काहींना दक्षिण जिंकावी असं वाटत होतं. मार्च १८६३ मध्ये स्टॅलीब्रिजला मदतीच्या वाटपावरून दंगलही झाली. पण त्याआधी, ३१ डिसेंबर १८६२ ला, मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये कामगार जमले होते. नाकेबंदी उठवा, असं त्यांनी म्हटलं नाही. गुलामगिरी संपवा, आम्ही तुमच्यासोबत आहोत, असं पत्र त्यांनी लिंकन यांना धाडलं.

जानेवारीत लिंकन यांनी उत्तर लिहिलं. कामगारांचे हाल आपल्याला ठाऊक आहेत, असं त्यांनी कबूल केलं. फेब्रुवारीत अमेरिकेतून मदतीचं पीठ घेऊन एक जहाज लिव्हरपूलला लागलं.

त्या उत्तरातला मजकूर आज पुतळ्याखाली कोरलेला आहे. नाकेबंदीचा घाव नेहमी शत्रूच्या पलीकडेही बसतो. ज्यांच्यावर तो बसला, त्यांनी आपल्या रिकाम्या ताटापलीकडे पाहिलं, म्हणून तो पुतळा तिथे आहे.