रक्ताचा हिशेब

व्याख्यानमालेच्या चालकांनी बोलावले तेव्हाच आम्ही त्यांना सांगितले की, आमचे शाळेतील शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे सारे संघटनेच्या कचेरीतील दोन कपाटांवर झालेले. अशा माणसाने वैद्यकीय विषयावर बोलावे काय? परंतु ज्याचे आयुष्य कामगारांत गेले, त्याला रक्ताचा विषय टाळता येत नाही. यंत्रात हात गेला की पहिला निरोप आमच्याकडे येतो, आणि थोड्याच वेळाने इस्पितळातून दुसरा निरोप येतो, तो रक्ताचा. म्हणून माणसाचे रक्त माणसाला देण्याची विद्या कशी उभी राहिली आणि तिची किंमत कोणी मोजली, एवढा हिशेब आज मांडावयाचा आहे.

या विद्येचा आरंभ धाडसाचा आहे. 1667 साली पॅरिसमध्ये डेनिस नावाच्या वैद्याने कोकराचे रक्त माणसाच्या शिरेत सोडले. पुढे त्याचा एक रोगी दगावला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि अखेर या प्रकारावर बंदी आली. 1818 मध्ये लंडनच्या जेम्स ब्लंडेल यांनी माणसाचेच रक्त माणसाला देऊन पाहिले. काही रोगी जगले, काही तडफडून गेले. एकाला अमृत ठरलेले रक्त दुसऱ्याला विष का ठरते, हे कोणालाच सांगता येईना.

याचे उत्तर देणारा मनुष्य शस्त्रवैद्य नव्हता. तो विकृतिशास्त्रज्ञ होता. म्हणजे रोगाने शरीरात काय मोडतोड केली, हे तपासणारा. त्याचे नाव कार्ल लँडस्टायनर. व्हिएन्नाच्या विद्यापीठात त्याचे रोजचे काम शवविच्छेदनाचे. त्याने प्रयोगशाळेतील सोबत्यांचे आणि स्वतःचे रक्त घेतले, त्यातील तांबड्या पेशी आणि रक्तजल वेगळे केले, आणि एकाच्या पेशी दुसऱ्याच्या रक्तजलात मिसळून पाहिल्या. काही जोड्यांत काहीच घडले नाही. काहींत पेशींच्या गुठळ्या झाल्या. पूर्वी लोक म्हणत की, हा आजाराचा परिणाम. पण येथे तर सारे धडधाकट! 1901 साली त्याने जाहीर केले की, निरोगी माणसांच्या रक्तातही जन्मजात भेद असतात. त्याने तीन गट सांगितले. चौथा, 'एबी', पुढच्याच वर्षी त्याच्या सहकाऱ्यांना सापडला.

यातील मर्म सोपे आहे. पेशीच्या अंगावर 'ए' किंवा 'बी' ही खूण असते, आणि आपल्याजवळ जी खूण नाही तिच्याविरुद्धचे प्रतिद्रव्य रक्तजलात असते. परकी खूण दिसली की ते तिच्यावर तुटून पडते. गिरणीच्या दरवाजावरील पहारेकरी बिल्ला पाहून माणूस आत घेतो, तसाच हा प्रकार. लँडस्टायनरला या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले ते 1930 साली.

गट कळले तरी रक्त साठवता येत नव्हते. 1914 च्या सुमारास सोडियम सायट्रेट घातल्यास रक्त गोठत नाही, हे ध्यानात आले आणि रक्त बाटलीत राहू लागले. 1937 साली शिकागोच्या कुक काउंटी इस्पितळात बर्नार्ड फँटस यांनी अशा साठ्याला 'बँक' हे नाव दिले. आपण तिला 'रक्तपेढी' म्हणतो. नाव सुटसुटीत खरे. पण पेढी म्हटली की देवघेव आली, आणि देवघेवीपाठोपाठ बाजार आला. त्याकडे आपण पुढे येऊच.

या इतिहासातील एक पान आपल्या मुंबईचे आहे. डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. देशपांडे आणि डॉ. भाटिया यांना येथे एक चमत्कारिक रक्त आढळले. त्याच्या पेशींवर 'ए'ही नाही आणि 'बी'ही नाही. तेव्हा सरळ हिशेबाने ते 'ओ' गटाचे. पण त्याचे रक्तजल 'ओ' गटाच्या पेशींच्याही गुठळ्या करी! लंडनमधील लिस्टर संस्थेच्या संशोधकांसह त्यांनी 1952 साली 'लॅन्सेट' या पत्रिकेत हे प्रसिद्ध केले. ज्या पायावर 'ए' आणि 'बी' या खुणा उभ्या राहतात, तो 'एच' नावाचा पायाच अशा माणसांत नसतो. शहराचे नाव बदलले, तरी शास्त्राच्या पुस्तकांत तो गट आजही 'बॉम्बे' याच नावाने नोंदलेला आहे. आपल्या देशात सुमारे दहा हजारांत एखादाच माणूस या गटाचा. ज्या 'ओ' रक्ताला लोक सर्वांना चालणारे समजतात, तेही त्याला चालत नाही. त्याला वाचवू शकतो तो त्याच्याच गटाचा माणूस; आणि तो कोठे राहतो, हे कोणीतरी आधी लिहून ठेवलेले असले पाहिजे.

आता त्या बाजाराकडे वळू. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. आम्ही तेव्हा शाळकरी पोर होतो. आमच्या चाळीतील एक काका अधूनमधून सकाळी कोठेसे जात आणि दुपारी मुलांसाठी केळी व खिशात थोडे पैसे घेऊन येत. दिवसभर मग भिंतीला टेकून बसत. ते रक्त विकत होते, हे आम्हांला पुष्कळ वर्षांनी कळले. श्रम विकण्याची सोय उरली नाही, तेव्हा माणसाने रक्त विकावयास काढले. उपाशी माणूस आपला आजार सांगत नाही, कारण सांगितला तर पैसे बुडतात. आणि असे रक्त घेणाऱ्याच्याही जिवावर बेतते.

'कॉमन कॉज' या संस्थेने हे गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयात नेले. जानेवारी 1996 मध्ये निकाल झाला आणि 1 जानेवारी 1998 पासून देशात रक्ताची विक्री बंद झाली. त्याआधी कित्येक वर्षे चंदीगढचे रक्तसंक्रमणतज्ज्ञ डॉ. जे. जी. जॉली स्वेच्छा रक्तदानाचा आग्रह धरून होते. त्यांचा जन्मदिवस, 1 ऑक्टोबर, हा 1975 पासून राष्ट्रीय स्वेच्छा रक्तदान दिन म्हणून पाळला जातो.

मग हिशेब मिटला काय? नाही. विक्री गेली, पण 'बदली' राहिली. रोग्याला रक्त हवे, तर नातेवाइकाने बदली रक्तदाता आणावा, अशी मागणी आजही होते. 2002 च्या राष्ट्रीय रक्त धोरणाने ही पद्धत हळूहळू बंद करण्याचे ठरविले, तरी ती पुरती गेलेली नाही. 'बदली' हा शब्द आम्हांला गिरणीतला ठाऊक. पहाटे दरवाजावर उभे राहावे, कोणी गैरहजर असला तर आत जावे, नाही तर घरी परतावे. काही वर्षांपूर्वी परप्रांतातून आलेला एक कंत्राटी मजूर परातीवरून पडला. त्याच्या उशाशी उभ्या मुकादमाला विचारणा झाली, "याचे बदली रक्तदाते कोठे आहेत?" त्याचे नातेवाईक हजार मैलांवर होते. आम्ही पाळी सुटताना दरवाजावर उभे राहिलो आणि हाक दिली. अकरा जण आले. त्यांतील एकानेही त्या मजुराचे तोंड पाहिले नव्हते. तो वाचला.

पण प्रत्येक वेळी दरवाजावर हाक मारणारा कोणी असेलच, असे नाही. तांबड्या पेशी सुमारे पाच-सहा आठवडे टिकतात, बिंबाणू पाचच दिवस. साठा एकदा भरून भागत नाही. त्याला पाळीने येणारे हात हवेत. निरोगी पुरुषाला तीन महिन्यांनी, स्त्रीला चार महिन्यांनी रक्त देता येते.

श्रोतेहो, लँडस्टायनरने स्वतःच्या शिरेतूनही रक्त काढले, हे आम्हांला फार मोलाचे वाटते. आपण त्याच्याइतके विद्वान नसू. पण त्याच्या कामातला हा भाग आपल्याला करता येण्याजोगा आहे. उद्या या शहरात कोणी अनोळखी माणूस यंत्राखाली सापडेल. त्याची बाटली आजच पेढीत भरलेली असावी, एवढेच आमचे मागणे आहे.