सहावी, आठवी, दहावी

मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या असतात, हे शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातही असतं. पुस्तक त्यांना कर्पर चेता म्हणतं. वॉर्डात मात्र ‘क्रेनियल नर्व्ह’ हाच शब्द चालतो, आणि बऱ्याचदा तोही गाळून नुसता आकडा: ‘तिसरी गेलीय’, ‘सातवी अधू आहे’. हा आकडा इतका अंगवळणी पडला आहे की तो निसर्गानंच घालून दिला असावा असं वाटतं. प्रत्यक्षात तो १७७८ साली तेवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्यानं आपल्या प्रबंधात मांडला. त्याआधी शंभरेक वर्षं या जोड्या नऊ होत्या आणि त्याही आधी जवळपास दीड हजार वर्षं सात. डोकी तीच, नसाही त्याच. कवटीच्या भोकांकडून मोजणाऱ्याला त्या कमी भरल्या, मेंदूच्या बुडाशी मोजणाऱ्याला जास्त, आणि वाद बराचसा एवढाच होता.

हा प्रवास एका नसेच्या मागोमाग केला तर नीट कळतो. आवाजाची नस घेऊ.

दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलेन या वैद्यानं जमलेल्या प्रतिष्ठितांसमोर एक प्रयोग केला. जिवंत डुक्कर बांधून ठेवलेलं, अर्थातच किंचाळणारं. गेलेननं त्याच्या मानेतल्या दोन बारीक नसा दोऱ्यानं आवळल्या आणि किंचाळणं थांबलं. दोरा सोडला, पुन्हा सुरू झालं. डुक्कर धडपडत होतं, श्वास घेत होतं, फक्त आवाज नव्हता. बोलण्याचा उगम हृदयात की मेंदूत, हा त्या काळातला खरा वाद होता. अ‍ॅरिस्टॉटलच्या अनुयायांना हृदय हवं होतं. गेलेननं दाखवलेली नस मेंदूतून निघून मानेतून खाली छातीत उतरते आणि वळसा घालून पुन्हा घशाकडे वर येते. डाव्या बाजूला तर तो वळसा थेट महाधमनीखालून असतो. म्हणूनच आजही आवाज कारणाशिवाय बसला आणि महिनाभरात सुटला नाही, तर डॉक्टर घसा पाहून थांबत नाहीत, छातीचा फोटो काढायला सांगतात. तिथली वाढलेली गाठ त्या वळशावर दाबत असू शकते.

गेलेनच्या यादीत ही नस सहाव्या जोडीत येते. माणसाचं शव फाडण्याची सोय त्याला नव्हती. बैल, डुकरं आणि माकडं यांच्यावर त्यानं काम केलं. त्याची पहिली जोडी दृष्टीची. वासाच्या नसा त्यानं मोजल्याच नाहीत, त्या त्याला मेंदूचाच पुढे आलेला भाग वाटल्या. चेहरा हलवणारी आणि ऐकण्याची या दोन नसा कानाच्या हाडातल्या एकाच भोकात शिरतात, म्हणून त्यांची एक जोडी. घशाकडे, छातीकडे आणि खांद्याकडे जाणाऱ्या तीन नसाही कवटीतून एकाच फटीतून बाहेर पडतात, म्हणून त्या तिन्हींची मिळून सहावी. इब्न सिनानंही सातच सांगितल्या. १५४३ साली बाझेलमध्ये छापलेल्या भव्य ग्रंथात व्हेसेलियसनं गेलेनच्या कितीतरी चुका दाखवल्या. आकडा मात्र सातच ठेवला. मोठ्या बंडखोरालाही कुठेतरी जुनी वही वापरावीशी वाटते, असं मला यावरून वाटतं.

मधल्या काळात नसा सुट्या होत होत्या. फॅलोपियोनं १५६१ साली डोळ्याची एक अत्यंत बारीक नस वेगळी काढून दाखवली, आजची चौथी. बारापैकी हीच एक नस मेंदूच्या देठाच्या मागच्या बाजूनं निघते. ती दुबळी झालेल्या माणसाला जिना उतरताना एका पायरीच्या दोन दिसतात आणि तो नकळत मान एका खांद्याकडे कलती ठेवतो. कित्येकदा जुने फोटो पाहिल्यावर कळतं की मान लहानपणापासूनच तशी आहे.

खरा बदल घडला तो मेंदू कसा काढायचा यात. व्हेसेलियसच्या पद्धतीत मेंदू कवटीतच ठेवून वरून चकत्या करत खाली जायचं. बुडाशी पोचेपर्यंत तिथलं सगळं लोळागोळा झालेलं असे. ऑक्सफर्डमध्ये थॉमस विलिस आणि त्याचा सहकारी रिचर्ड लोअर यांनी मेंदू अख्खा बाहेर काढला, उलटा ठेवला आणि खालून पाहिला. चित्रं काढायला ख्रिस्तोफर रेन होता, पुढे लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल बांधणारा तोच. १६६४ साली ‘सेरेब्री अनाटोमे’ प्रसिद्ध झालं. त्यातलं मेंदूच्या बुडाचं चित्र पाहिलं की आजच्या विद्यार्थ्यालाही कुठे काय आहे ते ओळखता येतं. विलिसनं वासाच्या नसेला पहिला क्रमांक दिला आणि कवटीतून निघणाऱ्या जोड्या नऊ केल्या. पहिल्या सहा आज आपण शिकतो त्याच क्रमानं आहेत.

पण पुढे विलिसही भोकांच्या मोहातून सुटला नाही. चेहऱ्याची आणि कानाची नस त्यानं सातवीतच एकत्र ठेवली, एक ‘कठीण भाग’ आणि दुसरा ‘मऊ भाग’ म्हणून. त्या फटीतून जाणाऱ्या तिन्ही नसा मिळून त्याची आठवी झाली. त्यातली एक मानेतल्या मज्जारज्जूतून निघून वर कवटीत शिरते आणि लगेच बाहेर पडते. तिला ‘जोड’ नस हे नाव विलिसनंच दिलं. आवाजाची नस अशा रीतीनं सहावीतून आठवीत गेली.

मग ग्योटिंगेन. सॅम्युएल थॉमस सोमरिंग हा तिथला वैद्यकाचा विद्यार्थी. १७७८ च्या त्याच्या प्रबंधाचा विषयच होता मेंदूचा तळ आणि कवटीबाहेर जाणाऱ्या नसांचे उगम. उगम पाहायचे ठरवल्यावर गठ्ठे आपोआप सुटले. नस मेंदूला जिथे चिकटलेली आहे तिथे मोजायची, ती कुठल्या भोकातून जाते याच्याशी देणंघेणं नाही. विलिसच्या सातवीच्या दोन झाल्या, आठवीच्या तीन, आणि एकूण बारा. आवाजाची नस दहावी झाली ती आजपर्यंत. सोमरिंगनं पुढे शरीररचनेची सुरेख चित्रं काढून घेतली आणि १८०९ साली म्युनिकमध्ये विजेवर चालणारा तारयंत्राचा एक नमुनाही केला. वैद्यकात त्याचं नाव राहिलं ते मात्र या मोजदादीमुळे.

यात थोडी गंमतही आहे. ग्योटिंगेनमधला सोमरिंगचा गुरू व्रिसबर्ग यानं आदल्याच वर्षी, १७७७ साली, सातवी आणि आठवी यांच्या मध्ये दबलेल्या एका बारीक नसेचं वर्णन केलं होतं. तिचा उगम वेगळा, काम वेगळं: जिभेच्या पुढच्या भागाची चव, डोळ्यातलं पाणी. शिष्याच्याच नियमानं पाहिलं तर तिला स्वतंत्र क्रमांक मिळायला हवा होता. तो मिळाला नाही; ती आजही सातवीच्या पदरात आहे. उलट विलिसची ती जोड नस, जिचा उगम मेंदूत धड नाहीच, तिला अकरावा क्रमांक मिळाला. म्हणजे बारा हा आकडाही काटेकोर नाही. इंग्लंडमधली पुस्तकं एकोणिसाव्या शतकातही बराच काळ विलिसच्या नवाला धरून होती आणि सोमरिंगचे बारा शेजारी देत होती. १८९५ साली शरीररचनेची लॅटिन नावं एकदाची ठरली, तेव्हा बारावर शिक्कामोर्तब झालं. ती यादीही बाझेलचीच.

मोजणी पक्की होत असताना कुठली नस काय करते याचा पत्ता मात्र भलतीकडेच लागत होता. चेहऱ्याचं उदाहरण घ्या. तोंड वाकडं होण्याचा आजार आपल्याकडे ‘अर्दित’ या नावानं संहितांमध्ये वातव्याधींत आहे. गावाकडे अजून ‘वारं गेलं’ म्हणतात. पण चेहरा हलतो कुठल्या नसेनं आणि दुखतो कुठल्या, हे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत स्पष्ट नव्हतं. त्याची किंमत रुग्ण मोजत होते. चेहऱ्यात विजेसारखी कळ मारण्याच्या दुखण्यावर शल्यविशारद सातवी नस कापायचे. कळ तशीच राहायची आणि वर अर्धा चेहरा लुळा पडायचा.

लंडनच्या चार्ल्स बेलनं १८२१ साली गाढवावरच्या प्रयोगांतून या दोन नसांची कामं वेगळी असल्याचं मांडलं. वरच्या ओठाकडे जाणारी पाचवीची फांदी त्यानं कापली, तर गाढवाला ओट ओठांनी उचलता येईना. यावरून ही फांदी ओठ हलवते असं त्याला वाटलं. हर्बर्ट मेयोनं वर्षभरात दाखवलं की ओठ हलत होते, गाढवाला ओट लागलेलेच कळत नव्हते. चेहऱ्याला संवेदना पाचवीची, हालचाल सातवीची. पाचवी चावण्याचे स्नायू तेवढे हलवते. बेलनं पुढे आपले लेख पुन्हा छापताना मजकूर आपल्या सोयीनं फिरवला, हे इतिहासकारांनी उघड केलं आहे. तरी चेहऱ्याचा लकवा त्याच्याच नावानं ओळखला जातो. नावाच्या बाबतीत वैद्यकाचा न्याय फारसा सूक्ष्म नसतो.

बाह्यरुग्ण विभागात ‘कपाळाला आठ्या घाला, डोळे घट्ट मिटा, दात दाखवा, गाल फुगवा’ असं सांगितलं जातं, ती सगळी सातवीची तपासणी. त्यात पहिली आज्ञा सर्वांत मोलाची. कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो, खालच्या चेहऱ्याला मुख्यतः विरुद्ध बाजूकडून. त्यामुळे तोंड वाकडं आहे पण दोन्हीकडे आठ्या पडतात, तर दुखणं बहुधा मेंदूत आहे, आणि घड्याळाकडे बघत सीटी स्कॅनला पळावं लागतं. त्या बाजूला आठी पडतच नाही आणि डोळाही मिटत नाही, तर नसच बिघडलेली असते. यंत्राआधी, अर्ध्या मिनिटात इतका मोठा निवाडा देणाऱ्या तपासण्या थोड्याच.

‘आ करा’ ही दहावीची. एका बाजूची नस गेली की पडजीभ चांगल्या बाजूकडे ओढली जाते, कारण तिथला स्नायू टाळू वर खेचतो. जीभ मात्र बाहेर काढली की वाकते ती दुबळ्या बाजूला, कारण जिभेचा स्नायू ओढत नाही, पुढे ढकलतो. तोंडी परीक्षेत या दोन दिशांची अदलाबदल करून दरवर्षी किती विद्यार्थी घसरत असतील, कोण जाणे. वासाची परीक्षा कॉफी किंवा लवंगेनं करायची, अमोनियानं नाही. अमोनिया नाकाला झोंबतो आणि झोंबणं पाचवीचं काम आहे. पहिली पूर्ण गेलेला माणूसही त्यानं मान मागे घेईल.

आठवी तपासायला कानाजवळ धरतात तो चिमटा संगीतातून आला. ट्यूनिंग फोर्क १७११ साली लंडनच्या जॉन शोर या तुतारीवादकानं बनवला. वेबरनं १८३४ साली तो डोक्याच्या हाडावर टेकवला. रिन्नं १८५५ साली हाडातून आणि हवेतून ऐकू येण्याची तुलना सुचवली, तीही ग्योटिंगेनमध्येच, आणि पुढची बरीच वर्षं तिकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. आठव्या नसेचा तोल सांभाळणारा अर्धा भाग तपासायला व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानीची वाट पाहावी लागली. तो रुग्णांचे कान पाण्याच्या पिचकारीनं धूत असे आणि काहींना गरगरायचं. पाणी पुरेसं कोमट नसलं की चक्कर येते, अशी एकानं तक्रार केली. पुढच्या खेपेस पाणी फारच गरम आलं, पुन्हा चक्कर आली, पण बारानीनं पाहिलं की बुबुळांचे झटके आता उलट दिशेला होते. कानाच्या आतल्या नळ्यांमधला द्रव तापमानामुळे वाहतो, हे त्यानं ओळखलं. १९१४ चं नोबेल त्याला जाहीर झालं तेव्हा तो युद्धकैदी म्हणून रशियनांच्या ताब्यात होता.

दरम्यान बारा या आकड्याला वरून धक्का बसला होता. गुस्ताव फ्रिट्शला १८७८ साली शार्क माशात पहिलीच्याही पुढे निघणारी आणखी एक नस दिसली. पुढे ती माणसातही सापडली. क्रम पुढून मागे असल्यामुळे तिला पहिला क्रमांक द्यायला हवा होता, म्हणजे बाकी सगळ्यांचे आकडे एकानं सरकवायला हवे होते. तोवर ते जगभर पाठ झाले होते. तिला शून्यावी म्हणतात.

या तपासण्यांचा सर्वांत गंभीर उपयोग मात्र बोलू न शकणाऱ्या माणसावर होतो. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा १९९४ चा कायदा संसदेनं केला तो गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र या तीन विधानमंडळांच्या ठरावांवरून. १९९५ च्या फेब्रुवारीत तो प्रथम लागू झाला तोही याच राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत. त्या कायद्यानुसार, अवयव घेण्याआधी मेंदूचा देठ मृत असल्याचं चार डॉक्टरांच्या मंडळानं, किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासून प्रमाणित करायचं असतं. डोळ्यावर प्रकाश टाकतात: एडिंबराच्या रॉबर्ट व्हिटनं १७५१ साली वर्णन केलेली बाहुलीची प्रतिक्रिया, दुसरी आणि तिसरी. बुबुळाला कापसाचा स्पर्श: पाचवी आणि सातवी. कानात बर्फाचं पाणी: बारानीचीच तपासणी, आठवी, तिसरी आणि सहावी. नळी घशात आणि श्वासनलिकेत फिरवून ठसका येतो का पाहतात: नववी आणि दहावी. शेवटी श्वास स्वतःहून येतो का ते पाहतात.

या तपासणीत पहिली येत नाही, कारण ती देठाला जोडलेलीच नाही आणि वास आला का ते सांगायला माणूस शुद्धीवर लागतो. बारावी नाही, कारण जीभ सांगितल्यावरच बाहेर काढायची असते. अकरावीही नाही. तिच्यासाठी खांदे उचलायला सांगावं लागतं, शिवाय तिचं मूळ विलिसला दिसलं होतं तिथेच, खाली मानेत आहे.