जुने गेम खेळण्यासाठी संगणक की कन्सोल?

जुनी डिस्क कपाटात शाबूत असते, पण ती चालवणारे यंत्र बाजारातून केव्हाच हद्दपार झालेले असते. जुन्या गेमच्या बाबतीत खरी अडचण ही आहे. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ मधील अभ्यासानुसार, त्या देशात २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या गेमपैकी सुमारे ८७ टक्के गेम अधिकृतपणे विकत मिळत नव्हते. त्यामुळे यंत्र निवडण्याआधी हवा असलेला गेम मुळात कशासाठी तयार झाला होता, हे पाहणे श्रेयस्कर ठरते.

संगणकाची बाजू

डॉसच्या काळातील गेमसाठी संगणकाला पर्याय नाही. २००२ पासून उपलब्ध असलेली डॉसबॉक्स ही विनामूल्य आज्ञावली आधुनिक संगणकात जुन्या डॉस यंत्राची नक्कल उभी करते. विंडोजच्या आरंभीच्या काळातील सीडी मात्र अधिक त्रास देतात. ६४-बिट विंडोजवर १६-बिट आज्ञावली चालत नाहीत. शिवाय सेफडिस्कसारख्या नक्कलप्रतिबंधक प्रणालींना विंडोज १० ने २०१५ मध्ये थारा दिला नाही, म्हणून मूळ सीडी हाती असूनही गेम सुरू होत नाही. यावर पोलंडमधील जीओजी या विक्रीस्थळाचा चांगला उपयोग होतो. २००८ पासून ते जुने गेम नव्या विंडोजवर चालतील असे करून, कोणत्याही कुलपाविना विकते. स्थापनेची फाइल खरेदीदाराला स्वतःच्या डिस्कवर जपून ठेवता येते.

कन्सोलची बाजू

कन्सोलच्या गेमसाठी मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स सीरीज एक्स सर्वांत उदार म्हणता येईल. पहिल्या एक्सबॉक्सचे आणि ३६० चे मिळून सहाशेहून अधिक गेम त्यावर चालतात. मात्र नोव्हेंबर २०२१ मध्ये ही यादी कायमची बंद झाली. डिस्क केवळ किल्लीचे काम करते, गेम आंतरजालावरूनच उतरवावा लागतो. सीरीज एस या भावंडाला डिस्कची सोयच नाही.

प्लेस्टेशन ५ वर चौथ्या पिढीचे जवळजवळ सर्व गेम चालतात, परंतु पहिल्या तीन पिढ्यांच्या डिस्क चालत नाहीत. पीएस३ च्या सर्व आवृत्त्या पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्क स्वीकारतात, तर पीएस२ च्या डिस्क केवळ आरंभीच्या काही आवृत्त्यांवर चालतात.

संगणकावर कन्सोलची नक्कल करणारे एम्युलेटर हा तिसरा मार्ग. अमेरिकी अपील न्यायालयाने २००० मध्ये सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात अशा आज्ञावलीच्या निर्मात्याच्या बाजूने कौल दिला. तथापि, आंतरजालावरून गेमच्या अनधिकृत प्रती उतरवणे हा स्वामित्वहक्काचा भंगच ठरतो.

देश बदलताना

परदेशस्थांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. ब्रिटनमध्ये घेतलेली पीएस२ ची डिस्क अमेरिकेतील पीएस२ वर चालत नाही. पीएस३ पासून हे बंधन बहुतांशी सुटले. भारतात वीज २३० व्होल्टची, तर अमेरिकेत १२० व्होल्टची असते. त्यामुळे जुने यंत्र जोडण्यापूर्वी त्यावरील पट्टी वाचावी. भारतात अनेकांनी लहानपणी 'कॅसेट' घालून खेळलेला 'डक हंट' पुन्हा खेळायचा असेल, तर जुना काचेच्या नळीचा टीव्हीही लागतो; त्याची बंदूक सपाट पडद्यावर निशाणा ओळखत नाही.

निष्कर्ष

संगणकासाठी जन्मलेल्या गेमला संगणकच बरा. एक्सबॉक्सच्या डिस्क घरात असतील, तर यादी तपासून सीरीज एक्स घ्यावे. पीएस२ चा संग्रह असेल, तर मूळ यंत्र विकू नये. केवळ ऑनलाइन खरेदीवर विसंबताना सावध राहावे: निन्टेन्डोने वीचे दुकान जानेवारी २०१९ मध्ये, ३डीएस व वी यूचे मार्च २०२३ मध्ये बंद केले, एक्सबॉक्स ३६० चे दुकान जुलै २०२४ मध्ये मिटले. जो गेम स्वतःजवळ जपून ठेवता येतो, तोच खऱ्या अर्थाने आपला.